क्राऊन-पिनियनची शिट्टी

आमच्या घरात शिट्टीकडे कान लावून बसणारी दोन माणसं होती. आई कुकरची शिट्टी मोजायची. फोनवर असो, वरच्या मजल्यावर कपड्यांच्या घड्या घालत असो, तिसरी झाली की तिथूनच ओरडायची, "मुक्ता, गॅस बंद!" आणि त्या उन्हाळ्यात बाबा दादाच्या गाडीची शिट्टी ऐकायला लागले. गाडीला शिट्टी नसते, हे मलाही माहीत आहे. पण त्या जुन्या गाडीच्या मागच्या चाकांमधून एक बारीक, वर वर चढत जाणारा सूर यायचा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तळ्याच्या बाजूनं चढ आहे. तो चढ गाडी चढायला लागली की सूर घरात पोचायचा. मग बाबा लॅपटॉपवरची मान न उचलता म्हणायचे, "आला." आई ताट घ्यायला उठायची.

मला त्या घरातलं बाकी बरंच विसरायला झालंय. भिंतींचा रंग, सोफा कुठला होता, शेजारच्या बाईंचं नाव. तो सूर मात्र मी अजूनही गुणगुणून दाखवू शकते. कुणी विचारत नाही, म्हणून दाखवत नाही.

आम्ही पुण्याहून अमेरिकेत, श्रूजबरीला आलो तेव्हा मी सहावीत होते आणि दादा नववीत. त्याआधी बाबा पिंपरीत गिअर कापायच्या कारखान्यात होते. तिथल्या मशीन थंडावल्या तसे रात्रीचे क्लास करून ते कॉम्प्युटरकडे वळले, आणि पुढे एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर तपासायला इथं आले. ते काम त्यांना आवडायचं की नाही, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. पण कुठल्याही दुकानात, भंगारात, कुणाच्या सायकलीत गिअर दिसला की त्यांचं बोट आपोआप दातांवरून फिरायचं, आई भाजीवाल्याकडे भेंडीचं टोक मोडून बघायची तसं. मी पुण्यातही इंग्रजी शाळेत होते, इथंही. त्यामुळे बाबांचे कारखान्यातले शब्द माझ्यासाठी मराठीही नव्हते आणि इंग्रजीही. ते बाबांचेच शब्द होते.

दादानं कॉलेज मध्येच सोडलं. का, हे तेव्हा कळलं नाही आणि आता कळतं असंही म्हणता येत नाही. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत घरी आला, तो परत गेलाच नाही. पहिले काही आठवडे तब्येत बरी नाही म्हणाला. मग म्हणायचंही थांबवलं. त्याच्या खोलीचं दार बंद असायचं. आई दाराशी ताट ठेवायची. थोड्या वेळानं ताट तसंच उचलायची, भातावर साय धरल्यासारखा वरणाचा थर बसलेला असायचा. मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला जाणं आम्ही हळूहळू बंद केलं, कारण तिथं प्रत्येक काकू प्रेमानंच विचारायची, "निखिल सध्या काय करतोय गं?" आणि आई दर वेळी नवं उत्तर तयार करून जायची.

बाबांनी कुणाला न विचारता गाडी आणली ती त्या हिवाळ्याच्या शेवटी. दोन दारांची, लांबलचक नाकाची, माझ्या जन्माच्याही कितीतरी आधीची, पुढे व्ही-एट इंजिन. फ्लॅटबेड ट्रकवरून उतरली तेव्हा तिचा अर्धा रंग उडालेला होता आणि सीटमधून स्पंज बाहेर आला होता. आई दारात उभी राहून म्हणाली, "अहो, ही चालते तरी का?"

"नाही," बाबा म्हणाले. "म्हणूनच आणली."

दादा खिडकीतून बघत होता. शाळेत असताना त्याच्या भिंतीवर अशा गाड्यांची चित्रं असायची आणि बाबा त्यावरून त्याला बोलायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गराजमध्ये उतरला. आईनं चहाचा दुसरा कप नेऊन ठेवला आणि स्वयंपाकघरात येऊन सिंकचा नळ सोडून थोडा वेळ तशीच उभी राहिली.

बाबांचा हिशोब साधा होता, आणि तो आम्हाला सगळ्यांना कळत होता. गाडी होईपर्यंत पोरगा घरात राहील. तोवर त्याचं मन बदलेल. म्हणून ते काम लांबवायचे. इंजिन उघडलं, मग पुन्हा उघडलं. ब्रेक केले, पसंत पडले नाहीत, परत केले. शनिवारी सकाळी राऊत काका यायचे, नागपूरचे, बाबांच्याच ऑफिसातले. हाताला वंगण लागू न देता खुर्चीवर बसून सल्ले द्यायचे. "काय बे निखिल, या गाडीच्या आधी माझी रिटायरमेंट होते का पाहतो मी," असं म्हणायचे, आणि दादा हसायचा. हसायचा, हे इथं मुद्दाम लिहिते. मी आत ओट्याशी कांदे चिरायची आणि त्या हसण्याकडे आमचं तिघांचं लक्ष असायचं. काकांना ते माहीत होतं, म्हणूनच ते दर शनिवारी यायचे.

पण उन्हाळा तोंडावर आला आणि लांबवण्यासारखं काही उरलं नाही. राहिला होता फक्त मागचा ॲक्सल. तेव्हाच दादानं जेवताना सांगितलं की ॲरिझोनात, इथून चार दिवसांच्या रस्त्यावर, त्याचा एक मित्र जुन्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये आहे, आणि तो बोलावतोय.

"कशासाठी?" बाबांनी विचारलं.

"कामासाठी."

"किती दिवस?"

"आय डोन्ट नो, बाबा. बघू."

आईनं त्याच्या पानात पोळी वाढली. ती नको होती, तरी त्यानं खाल्ली. "ठीक आहे, आधी गाडी तर पूर्ण करू," बाबा एवढंच म्हणाले.

गाडीच्या मागच्या ॲक्सलच्या मधोमध नारळापेक्षा थोडा मोठा लोखंडी गोळा असतो. त्यात दोन गिअर एकमेकांशी काटकोनात बसलेले असतात. बाबा त्यांना क्राऊन आणि पिनियन म्हणायचे. क्राऊन मोठा, कड्यासारखा. पिनियन लहान, मुठीत मावणारा. मोठ्याच्या दातांना लहानाच्या दातांनी भागलं की जो आकडा येतो, त्यावर गाडीचा स्वभाव ठरतो. आकडा मोठा असेल तर गाडी सिग्नलवरून उडी मारते, पण हायवेवर इंजिन फार फिरतं, किंचाळतं. लहान असेल तर गाडी सावकाश उठते, पण लांबच्या रस्त्याला निवांत धावते. त्या काळच्या गाडीला वर पाचवा गिअर नाही, त्यामुळे मागं जे बसवाल तेच शेवटपर्यंत. आमच्या गाडीत मुळात तीन-शून्य-आठ होता, म्हणजे लांब पल्ल्याचा.

दादाला तोच हवा होता. हे ऐकून मला आश्चर्य वाटलं, कारण एकवीस-बावीस वर्षांची मुलं असल्या गाडीत काय बसवतात हे मलाही एव्हाना माहीत झालं होतं. त्याहून आश्चर्य म्हणजे बाबा, जे आयुष्यभर पेट्रोलचा ॲव्हरेज बघून गाडी घेत आले, ते म्हणाले, "छे. चार-दहा टाकू. अशा गाडीला तीन-शून्य-आठ म्हणजे पैलवानाला चपला घालून पळवणं."

राऊत काका खुर्चीतून पुढे झाले. "अहो साहेब, तुम्ही? चार-दहा? पासष्ट मैलांनी चालवली तर कान फुटतील पोराचे."

"शहरात चालवायला मजा येते. स्ट्रीट कार आहे ही."

"हायवेला काय करायचं?"

"हायवेला कोण जातंय," बाबा म्हणाले.

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. काकांनी माझ्याकडे बघितलं, मग दादाकडे, आणि नेहमीसारखा मधला मार्ग काढला. "ऐका, तीन-त्र्याहत्तर टाका. ना तुझं ना माझं. सगळे तेच टाकतात. इकडं पण खुश, तिकडं पण खुश."

"काका, तीन-त्र्याहत्तर इकडंही नाही आणि तिकडंही नाही," दादा म्हणाला. तो हातातला जुना क्राऊन फडक्यानं पुसत होता. "बाबा, हा चांगला आहे की. कशाला बदलायचा?"

बाबांनी तो त्याच्या हातून घेतला, खिडकीपाशी नेला, चष्मा कपाळावर चढवला आणि दातांवरून बोट फिरवलं. सावकाश, एकेका दातावरून. मला ते बोट अजून दिसतं. मग म्हणाले, "दात खाल्लेत याचे. हा टिकायचा नाही. लांब गेलास आणि वाटेत तुटला तर मागची चाकं जाम होतील. कल्पना आहे का?"

गिअरच्या बाबतीत बाबांच्या शब्दापुढे आमच्या घरात कुणाचा शब्द नव्हता. दादानं खांदे उडवले. जुना जोड बाबांनी तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीनं बांधून वरच्या फळीवर ठेवला. भंगार असेल तर ठेवायचा कशाला, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. बाबा कुठलाच गिअर फेकत नसत.

नवा चार-दहा बसवताना बाबांनी दादाला जे शिकवलं, तेवढं मला वाटतं त्याआधीच्या सगळ्या वर्षांत मिळून शिकवलं नसेल. दातांना हळदीच्या लेपासारखी पिवळी पेस्ट लावायची, गिअर हातानं फिरवायचा, आणि दातावर ठसा कुठं उमटतो ते बघायचं. ठसा दाताच्या पोटाशी मधोमध यायला हवा. काठावर आला तर गिअर ओरडेल आणि लवकर झिजेल. मग पातळ चकत्या घालून, काढून, पुन्हा लेप, पुन्हा ठसा. "घाई नाही करायची," बाबा म्हणायचे. "दात दाताला कुठं भेटतो ते बघ. बरोबर भेटले तर आवाजच येत नाही. चांगल्या गिअरचा आवाज नसतो." दोघांची डोकी त्या लोखंडी गोळ्यावर टेकलेली असायची आणि दोघांच्या गालांना पिवळं लागलेलं. आई म्हणाली, "अगदी हळदीला बसल्यासारखे दिसताय." दादा म्हणाला, "नवरी कोण? गाडी?" तो आमच्या घरातला शेवटचा विनोद असावा. नंतरचा मला आठवत नाही.

गाडी रस्त्यावर आली आणि ओरडली. फार नाही, पण तो बारीक सूर होताच. राऊत काकांनी पहिल्याच फेरीनंतर चिडवलं, "काय साहेब, पिंपरीचा गिअरवाला आणि शिट्टी?" बाबा म्हणाले, "नवा आहे, बसेल." तो बसला नाही आणि बाबांनी तो पुन्हा उघडलाही नाही. ज्या माणसानं ब्रेक दोनदा केले, त्यानं हे तसंच का सोडलं, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. त्यांना जमलं नसेल. नाहीतर गल्लीच्या तोंडाशी चढावरच पोरगा आल्याचं कळावं असं त्यांना वाटलं असेल. विचारायची हिंमत मला कधी झाली नाही आणि आता विचारण्यात अर्थ नाही.

एका रविवारी दादा मला घेऊन बाहेर पडला. रूट नाइनवर सिग्नल सुटला की गाडी अशी झेपावायची की माझं डोकं मागं आपटायचं. शेजारच्या गाडीतली मुलं अंगठा दाखवायची, दादा त्यांच्याकडे बघायचाही नाही. मग त्यानं मास पाइक हा हायवे घेतला, पश्चिमेकडे. वेग वाढला तसं इंजिन ओरडायला लागलं, खाली तो सूर, वर वाऱ्याचा आवाज. आम्हाला एकमेकांचं काही ऐकू येईना. मी तशीही गाडीत फार बोलत नाही, पण बोलायची सोय नसणं वेगळं. तासाभरानं माझे दात दुखायला लागले. दादानं रेस्ट एरियात गाडी थांबवली. इंजिन बंद केल्यावरही कानात ते चालूच होतं.

"यात ॲरिझोना?" मी विचारलं.

तो स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोरच्या ट्रककडे बघत होता. "ही डिड द मॅथ, मुक्ता," तो म्हणाला. "बाबा आधी गणित करतात, मगच बोलतात. तुला काय वाटतं, त्यांना शिट्टीबाजी आवडते म्हणून चार-दहा? एका टाकीत मी कुठपर्यंत पोचतो आणि किती तासांत माझं डोकं फुटतं, हे त्यांनी आधीच काढलं असेल."

"मग बोल ना त्यांच्याशी."

"काय बोलू? ते म्हणतील गाडीला हाच शोभतो. अँड ही इज राइट, यार. गाडीला हाच शोभतो." मग म्हणाला, "मला राग नाही आलाय. दॅट्स द वर्स्ट पार्ट. राग यायला पाहिजे होता."

त्याचा आवाज इतका सपाट होता की मला त्याच्या दाराशी ठेवलेलं ताट आठवलं. घरी आल्यावर मी आईला सांगितलं. सगळं नाही, पण दादाला अडकल्यासारखं वाटतंय एवढं. आई म्हणाली, "आपल्या घरात अडकायला काय झालं? दोन वेळचं गरम जेवतोय." मग कणकेत हात तसाच ठेवून म्हणाली, "मलाही दिसतं गं. पण सोडायचं म्हणजे काय करायचं, ते कुणीतरी सांगा मला."

सप्टेंबरात आईबाबा न्यू जर्सीला एका लग्नाला गेले. मी माझ्या कॉलेजच्या खोलीवर होते, तिघंही रविवारी संध्याकाळी घरी परतलो. दादानं पास्ता करून ठेवला होता, चांगला झाला होता. त्याच्या नखांच्या कडांना पिवळं होतं, आणि मला वाटलं पास्त्यात हळद घातली असावी. आम्ही असे लोक आहोत की कशातही हळद असू शकते.

सोमवारी सकाळी आईनं पोहे केले. दादा लवकर उठून खाली आला होता, आंघोळ करून. पोहे खाल्ले आणि म्हणाला, "थोडं दही आहे का?" त्याला दही कधी आवडलं नाही. लहानपणी आई प्रत्येक परीक्षेला, प्रत्येक प्रवासाला निघताना तळहातावर दही ठेवायची, तेव्हा तो तोंड वाकडं करून गिळायचा. आईला पोरगं मागून खातंय याचाच इतका आनंद झाला की तिनं वाटीभर दिलं आणि वर साखर घातली. त्यानं उभ्यानंच खाल्लं, वाटी धुऊन ठेवली, आणि गराजच्या दारानं बाहेर गेला. इंजिन सुरू झालेलं ऐकू आलं, पण ते तर तो रोजच सुरू करून बघायचा. आईनं कुकर लावला. मी फोनवर बसची वेळ बघत होते. बाबा ऑफिसच्या कॉलवर होते, एका कानात इअरफोन, दुसरा कान नेहमीप्रमाणे मोकळा.

कॉल संपवून त्यांनी विचारलं, "निखिल कुठंय?"

"गराजमध्ये," आई म्हणाली.

"अजून? गाडी तर गेली नाही. शिट्टी नाही वाजली."

तेच उठून गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून आई गेली, आणि आईचा आवाज ऐकून मी. गराज रिकामं होतं. मोठं दार वर गेलेलं, बाहेर मेपलची पानं, आणि रस्त्यावर काही नाही. वर्कबेंचवर वर्तमानपत्र अंथरून त्यावर चार-दहाचा क्राऊन आणि पिनियन ठेवले होते, स्वच्छ पुसून, तेल लावून, सुतळीनं एकत्र बांधून. बाबांनी शिकवलं होतं तसंच, जोडीतला एक कधी वेगळा ठेवायचा नाही. शेजारी पिवळ्या पेस्टची डबी, झाकण घट्ट लावलेलं. वरची फळी रिकामी होती.

बाबा हात खाली सोडून उभे होते. मला वाटतं आधी त्यांना दुसरंच काही कळलं असावं. त्यानं तो ॲक्सल एकट्यानं उघडला, ठसा बघून बसवला, आणि इतका नीट बसवला की गाडी घरासमोरून निघून गेली तरी त्यांच्या कानाला कळलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर जे आलं, ते मी कधी कुणाला सांगितलं नाही, कारण लोकांना ते खोटं वाटेल. ते कौतुक होतं.

आई मात्र फळीकडे बघत होती. "अहो," ती म्हणाली, "त्यानं तो जुना घातला? खराब झालेला?"

बाबांनी सुतळीची गाठ चाचपली.

"तुम्हीच म्हणालात ना, दात खाल्लेत म्हणून? वाटेत तुटेल, चाकं जाम होतील म्हणालात. हायवेवर आहे हो तो! मुक्ता, फोन लाव त्याला. लाव ना!"

मी लावला. फोन बंद होता. पुन्हा लावला. आई माझ्या हातातून फोन घेऊन स्वतः लावत राहिली. ती म्हणत होती पोलिसांना सांगा, कुणीतरी त्याला थांबवा, सांगा की ती गाडी चालवायची नाही.

दादा अजून सापडलेला नाही, असं मी म्हणणार नाही. तो आहे. आईच्या वाढदिवसाला मेसेज येतो. गाडी त्यानं त्याच वर्षी विकली, हेही कळलं. बाबांनी कुठल्याशा साइटवर जाहिरातीतला फोटो ओळखला. पण मेसेजला उत्तर दिलं की पुढे काही येत नाही, आणि आईनं त्याला शेवटचं पाहिलं ते त्या सकाळी, दह्याची वाटी धुताना. ती अजूनही अधूनमधून म्हणते, "दही मागितलं होतं गं त्यानं."

त्या दिवशी गराजमध्ये बाबांना बोलावं लागलं. आईला दुसऱ्या कशानं थांबवता आलं नसतं. त्यांनी बेंचवरचा गिअर उचलला, खाली ठेवला, आणि आमच्याकडे पाठ करून म्हणाले, "काही होणार नाही त्याला."

"कशावरून?"

"गिअर चांगला होता तो." मग, आईला ऐकू आलं नाही असं वाटून, जरा मोठ्यानं, "त्या गिअरला काहीही झालेलं नव्हतं. एकही दात खराब नव्हता."

आईनं फोन खाली केला. ती बाबांच्या पाठीकडे बघत राहिली, आणि बाबा उघड्या दारातून रस्त्याच्या चढाकडे. आत कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी झाली, तिसरी झाली, आणि मग होतच राहिल्या.